उन्हावर मोटार चालेल का?

मित्रांनो, दिवाळीच्या सुट्टीत मी मामांच्या गावी गेलो होतो. मामा रोज तालुक्याला कामाला जातात. जाऊन-येऊन ५० किलोमीटर होतात. त्यांना विजेवरची मोटार घ्यायची आहे. मामा म्हणाले, "टपावर सौर पॅनेल बसवून घेतो. ऊन फुकट, प्रवास फुकट!" मला ते लगेच पटलं. शाळा उघडल्यावर मी वर्गात सांगितलं. गुरुजी म्हणाले, "आधी हिशोब कर, मग बोल."

तो हिशोब असा आहे. भर दुपारी एक चौरस मीटर जागेवर सुमारे १००० वॅट शक्तीचे ऊन पडते. चांगले पॅनेल त्यातल्या पाचव्या हिश्शाची वीज करते, म्हणजे २०० वॅट. मोटारीच्या टपावर साधारण दोन चौरस मीटर पॅनेल मावते. झाले ४०० वॅट. सकाळ-संध्याकाळ ऊन तिरपे असते, म्हणून दिवसभराचे ऊन भर दुपारच्या पाच तासांइतके धरायचे. ४०० गुणिले ५ म्हणजे २००० वॅट-तास, म्हणजेच २ युनिट वीज. लहान मोटार एका युनिटात सहा-सात किलोमीटर जाते. दोन युनिटांत जेमतेम १३! मामांना तर ५० हवेत.

आणखी एक गंमत आहे. मोटार उन्हात ठेवली तर आत भट्टी होते. झाडाखाली ठेवली तर पॅनेल उपाशी! पावसाळ्यातल्या ढगांचं तर विचारूच नका.

मी विचारलं, "गुरुजी, मग शर्यतीच्या सौर मोटारी कशा पळतात?" ऑस्ट्रेलियात डार्विन ते ॲडलेड ही सुमारे ३००० किलोमीटरची शर्यत १९८७ साली सुरू झाली. पण त्या मोटारी अगदी हलक्या आणि चपट्या असतात. त्यांत बाजाराची पिशवीसुद्धा ठेवता येणार नाही.

आपल्या पुण्यातही 'ईव्हा' नावाची छोटी मोटार तयार झाली. २०२५ च्या जानेवारीत ती लोकांना दाखवली. तिच्या टपावरच्या उन्हावर वर्षाला ३००० किलोमीटरपर्यंत जाता येते, असे कंपनी सांगते. भागाकार करून पाहा. रोजचे आठच किलोमीटर येतात! बाकीची वीज तारेतूनच भरावी लागते.

मग पॅनेल वाया का? मुळीच नाही. फक्त त्याची जागा बदलायची. घराच्या छपरावर ३ किलोवॅटचे पॅनेल लावले, तर आपल्याकडच्या उन्हात दिवसाला साधारण १२ युनिट मिळतात. मामांना लागतात आठ. मोटार दिवसा तालुक्याला असली तरी बिघडत नाही. दिवसाची वीज तारेत जाते, मीटर ती मोजतो आणि रात्रीच्या वापरातून ती वजा होते. उरलेल्या विजेवर घरातले दिवे आणि पंखे चालतात.

हा सगळा हिशोब मी पत्रात लिहून मामांना पाठवला. ते टपावरच्या पॅनेलसाठी आगाऊ पैसे द्यायला निघाले होते, ते थांबले. आता ते घराच्या छपराचं माप घेत आहेत.

मित्रांनो, ऊन फुकट आहे हे खरं. पण ते धरायला जागा लागते. मोटारीचा टप लहान, घराचं छप्पर मोठं!

— इयत्ता ७ वीतील एक विद्यार्थी