गुरूघरचं पाणी

बेळगावहून जांबोटीमार्गे गोव्याकडे निघालं, की चोर्ला घाट सुरू होण्याआधी कणकुंबी लागतं. खानापूर तालुक्यातलं हे लहानसं गाव. इथे माउलीच्या देवळापाशी, समुद्रसपाटीपासून सुमारे ७९२ मीटरवर, मलप्रभा उगम पावते. याच परिसरातून कळसा नावाचा नाला निघतो. तो पश्चिमेला वळून म्हादईला मिळतो आणि गोव्यातून अरबी समुद्रात जातो. मलप्रभा मात्र इतक्या जवळच्या समुद्राकडे पाठ फिरवते. पूर्वेकडे तीनशे किलोमीटर चालून ती कूडलसंगमाला कृष्णेत शिरते आणि कृष्णेबरोबर बंगालच्या उपसागराला पोचते. ढग एकच, पाऊसही एकच. थेंब कुठल्या उतारावर पडला, एवढ्यावरून समुद्र ठरतो!

मला या नदीची ओढ लागली ती गाण्यामुळे. आज हुबळी-धारवाडच्या नळांना सौंदत्तीच्या धरणातलं पाणी येतं, म्हणजे हेच कणकुंबीचं पाणी. गंगूबाई हनगल आणि मल्लिकार्जुन मन्सूर यांच्या गावांचं पाणी. पुढे नदी होळे-आलूरवरून जाते, ते गाव रोण तालुक्यातलं. त्या रोणला ४ फेब्रुवारी १९२२ रोजी भीमसेन जोशी जन्मले.

गवयाचं आयुष्य म्हणजे मैफल, असं आपण समजतो. पण मैफल हा त्या आयुष्याचा डोळ्यांना दिसणारा भाग. विद्या मिळवायची, ती पुढच्या गळ्यात उतरवायची आणि ती ऐकायला माणसं जमतील अशी जागा उभी करायची, ही कामंही गवयाचीच. भीमसेनांकडे पाहिलं की ही सगळी कामं एकमेकांत किती गुंतलेली असतात ते कळतं.

अब्दुल करीम खाँसाहेबांची तबकडी कानावर पडली आणि मुलगा झपाटला. १९३३ साली, अकराव्या वर्षी, तो घर सोडून गेला. गुरू शोधत ग्वाल्हेर पालथं घातलं, उत्तर हिंदुस्थानभर भटकला आणि जालंधरला पोचला. तिथे हरिवल्लभ संगीत संमेलन भरतं, १८७५पासून चालत आलेलं. त्या संमेलनात विनायकबुवा पटवर्धनांची गाठ पडली. बुवांनी त्याला सांगितलं, तुझ्या घराजवळच सवाई गंधर्व आहेत, त्यांच्याकडे जा. अर्धा देश ओलांडून गेलेल्या मुलाला आपल्याच मुलखातल्या गुरूचा पत्ता पंजाबात मिळाला, तोही एका संगीत संमेलनात. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. गाणारी माणसं एका मांडवात आली नसती, तर हा पत्ता त्याला कुणी दिला असता?

रामभाऊ कुंदगोळकर हे अब्दुल करीम खाँसाहेबांचे शिष्य. घरची भाषा कन्नड, पण नाव गाजलं मराठी रंगभूमीवर. त्यांचं गाणं ऐकून अमरावतीच्या दादासाहेब खापर्ड्यांनी त्यांना ‘सवाई गंधर्व’ म्हटलं. सवाई म्हणजे सव्वापट. बालगंधर्वांच्या काळात एखाद्याला सव्वा गंधर्व म्हणणं केवढं धाडसाचं! आणि ते नाव असं चिकटलं की मूळ नाव मागेच पडलं.

१९३६च्या सुमारास भीमसेन कुंदगोळला त्यांच्या दारी आले. कुंदगोळ पाण्याच्या बाबतीत तसं कोरडंच. गुरूच्या घरी कामं करायची, लांबून पाणी आणायचं आणि मिळेल तेव्हा शिकायचं. एखाद्याच्या घरी पाणी भरणं म्हणजे त्याच्यापुढे लहान होणं, असा अर्थ आपल्या भाषेत आहे. इथे तो अक्षरशः खरा होता. शिकवणीत मुख्यतः तोडी, मुलतानी आणि पूरिया. वर्षानुवर्षं एवढंच. यातलं मर्म समजलं की थक्क व्हायला होतं. तोडी सकाळची, मुलतानी दुपार कलतानाची. दोन्हींत स्वर तेच: कोमल रिषभ, कोमल गंधार, तीव्र मध्यम, कोमल धैवत. पण मुलतानी चढताना रिषभ आणि धैवत गाळते, तोडीत त्यांच्यावर रेंगाळता येतं. तेवढ्याने अख्खा दिवस पालटतो. पूरियात पंचम वर्ज्य, म्हणून नेहमीचा विसावाच काढून घेतलेला. हे तीन राग ज्याच्या गळ्यात पक्के बसले, त्याला कोमल-तीव्राच्या सगळ्या वाटा पायाखालच्या झाल्या. गंगूबाई हुबळीहून आगगाडीने शिकायला येत. परत निघाल्या की हा मुलगा त्यांना स्टेशनवर सोडायला जाई आणि आज काय शिकलात, म्हणून वाटभर विचारत राही.

१९४२ साली सवाई गंधर्वांना अर्धांगवायूचा झटका आला आणि ते गाणं थांबलं. १९४६ साली पुण्यात त्यांची षष्ट्यब्दी झाली. त्या समारंभात भीमसेन गायले आणि पुण्याने त्यांना आपलंसं केलं. १९५२मध्ये गुरू गेले. दुसऱ्याच वर्षी, १९५३ला, पुण्यात त्यांच्या नावाचा महोत्सव सुरू झाला. तो भरवणाऱ्या संस्थेचं नाव आर्य संगीत प्रसारक मंडळ. खाँसाहेबांनी १९१३ साली पुण्यात काढलेल्या शाळेचं नाव होतं आर्य संगीत विद्यालय. म्हणजे संस्थेच्या नावातसुद्धा गुरूच्या गुरूची आठवण ऐकू येते.

महोत्सव चालवणं हे हिशेबवहीचं काम, असं कुणाला वाटेल. माझ्या मते ते गाण्याइतकंच गाण्याचं काम आहे. कोणानंतर कोण बसणार, हे ठरवायला रागांचा काळवेळ रक्तात असावा लागतो. रात्रभराच्या सत्रात मध्यरात्री मालकंस, दरबारी येतात. पहाटे ललित, मग भैरव. एक कलाकार लांबला की पुढच्याचा राग हुकतो. पुढे ध्वनिक्षेपकाचे नियम कडक झाले, रात्री लवकर संपू लागल्या आणि उत्तररात्रीच्या रागांचा हक्काचा प्रहरच गेला. त्याची हळहळ मला अजून वाटते.

भीमसेनांनी शाळा घालून शिकवलं नाही. त्यांचे शिष्य शिकले ते बरंचसं त्यांच्या मागे तंबोरा धरून. माधव गुडी, श्रीकांत देशपांडे, उपेंद्र भट असे कितीतरी. श्रीकांत देशपांडे तर सवाई गंधर्वांचे नातू. तंबोऱ्यावर बसलेल्या शिष्याला गुरूचा श्वास ऐकू येतो. श्रोते कधी पुढे सरकले, कधी सैलावले आणि त्यावर गुरूने काय केलं, हे त्याला जागेवरून दिसतं. बंदिश वहीतून मिळते, पण ती मांडायची कशी, हे तिथेच कळतं.

महोत्सवासाठी पुण्यात रमणबागेच्या मैदानावर वर्षानुवर्षं हजारो माणसं जमली, देशभरचे कलावंत येऊन गायले-वाजवले. शेवटी आयोजक असलेले भीमसेन स्वतः गायला बसायचे. आता महोत्सवाच्या नावात सवाई गंधर्वांच्या जोडीला भीमसेनही आहेत. ते गेले २४ जानेवारी २०११ रोजी.

पण महोत्सवातलं अखेरचं गाणं भीमसेनांचंही नसे. त्यांचं गाऊन झालं, की सवाई गंधर्वांच्या भैरवीचं जुनं ध्वनिमुद्रण लागायचं. त्या काळच्या तबकडीत मावेल एवढी तीनेक मिनिटांची भैरवी, खरखर आणि तिच्यामागून येणारा तो आवाज. मांडवातली माणसं निघायची घाई सोडून जागच्या जागी थांबत आणि गुरूचं गाणं संपेपर्यंत हलत नसत.