भूकंपानंतर मैत्रिणीची खबर कशी घ्यावी?

आपल्या जळगाव-धुळ्याच्या कितीतरी लेकी सुरतेला नांदतात. २६ जानेवारी २००१ रोजी सकाळी कच्छात मोठा भूकंप झाला, तेव्हा सुरतेतही इमारती पडल्या होत्या. अशी बातमी आली की आपला जीव टांगणीला लागतो. आपण सगळ्याच एकदम फोन लावतो. टॉवरला तेवढा भार झेपत नाही आणि ढिगाऱ्यातून मदत मागणारीचाही फोन अडतो.

म्हणून छोटा मेसेज पाठवा, ‘सुखरूप आहेस का?’ त्याला जागा थोडी लागते; वाट मिळाली की तो पोचतो. गटातल्या एकीनंच चौकशी करायची नि बाकीच्यांना कळवायचं, हे आजच ठरवू या. ऐकीव बातमी पुढे धाडायची नाही. उत्तर उशिरा आलं तरी धीर सोडू नका. कधी नुसती बॅटरी संपलेली असते.