स्टिरिओ घ्यायचाय? आधी कान तयार करा!

सुगी उरकते, माल बाजारात जातो, चार पैसे हाती येतात आणि मग घरात विषय निघतो, "यंदा गाणी ऐकायला काहीतरी चांगलं घेऊ या." घ्या, जरूर घ्या! दिवसभर रानात राबणाऱ्या माणसाने रात्री चार अभंग निवांत ऐकले, तर त्यात चैन कसली? पण पैसा घामाचा आहे. दुकानातले लाल-निळे दिवे आणि खोक्यावरचे मोठमोठे आकडे पाहून तो उधळू नका. त्याआधी एवढे वाचा.

'हाय-फाय' हा शब्द तुम्ही ऐकला असेल. मूळ शब्द 'हाय फिडेलिटी'. फिडेलिटी म्हणजे इमान. गाणाऱ्याने जसे गायिले, वाजवणाऱ्याने जसे वाजवले, तसेच ते आपल्या सोप्यात इमानाने ऐकू यावे, एवढाच त्याचा अर्थ. आवाज मोठा असला म्हणजे तो हाय-फाय झाला, असे मुळीच नाही. मिरवणुकीतल्या स्पीकरच्या भिंतीपुढे छाती हादरते, पण गाण्याचा शब्द एक कळत नाही. तसले घरात आणून काय करायचे?

मग चांगला आवाज ओळखायचा कसा? माणसाच्या कानाला सेकंदाला 20 कंपनांपासून 20,000 कंपनांपर्यंतचे आवाज ऐकू येतात. वय वाढेल तशी वरची बाजू कमी होत जाते. आपले भजनच घ्या ना. पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक लावतात, त्याचा घुमारा खालच्या बाजूचा. टाळांची किणकिण वरच्या बाजूची. मधे गाणाऱ्याचा गळा आणि पेटी. आता एखादा अभंग मोबाइलवर लावा. टाळ ऐकू येतात, पण पखवाजाचा घुमारा कुठे गेला? मोबाइलचा स्पीकर इवलासा, त्याला तेवढी हवा हलवता येत नाही.

तेव्हा दुकानात जाताना शंभर वेळा ऐकलेला एखादा अभंग, समजा पंडित भीमसेन जोशींचा, बरोबर घेऊन जा. दुकानदार लावील त्या धांगडधिंग्यावर जाऊ नका. डोळे मिटा आणि तीन गोष्टी ऐका. पखवाज घुमतो, की नुसते पिंप बडवल्यासारखे वाटते? टाळ खणखणीत वाजतात, की 'चिस् चिस्' करतात? शब्द न् शब्द कळतो का? घरातल्या बायामाणसांना आणि म्हाताऱ्यांनाही बरोबर न्या. ऐकणार सगळेच आहेत, मग पसंती एकट्याची का?

लागणाऱ्या वस्तू तीन. गाणे पुरवणारे यंत्र, अँप्लिफायर आणि दोन स्पीकर. पहिली वस्तू, म्हणजे मोबाइल, बहुधा घरात आहेच. तो वायरने अँप्लिफायरला जोडता येतो. उरलेल्या पैशातला मोठा वाटा स्पीकरवर घाला. बैल मरतुकडे असतील तर गाडी रंगवून काय उपयोग?

आता वॅटचा हिशेब. खोक्यावर 'पी.एम.पी.ओ.' म्हणून हजारांचा आकडा असेल तर तो विसरून जा. 'आर.एम.एस.' वॅट किती, ते विचारा. खरी ताकद ती. आणि वॅट दुप्पट झाले म्हणून आवाज दुप्पट होत नाही, जेमतेम 3 डेसिबलने वाढतो. कानाला आवाज दुप्पट वाटायला ताकद दसपट लागते! म्हणून घरच्या खोलीला दर स्पीकरमागे 20 ते 30 खरे वॅट पुष्कळ झाले. स्पीकरच्या मागे 'ओहम'चा आकडा असतो. अँप्लिफायरवर जी मर्यादा छापलेली असते, तिच्यापेक्षा कमी ओहमचा स्पीकर जोडू नका. अँप्लिफायर तापून जळू शकतो.

यापुढचे काम फुकटातले आहे, आणि नेमके तेच बहुतेक घरांत राहून जाते. दोन्ही स्पीकर कपाटावर शेजारी शेजारी ठेवले की स्टिरिओचे पैसे पाण्यात गेले. दोघांत सहा फुटांचे अंतर ठेवा आणि आपण दोघांपासून तेवढ्याच अंतरावर बसा, म्हणजे तिकाटणे होईल. स्पीकरचा वरचा छोटा पडदा बसलेल्या माणसाच्या कानाएवढ्या उंचीवर यावा. कोपऱ्यात कोंबू नका, आवाज गुबगुबतो. लाल वायर लालला, काळी काळीला. एका स्पीकरची उलटी लागली, की पखवाज पुन्हा गायब!

खोलीत एक टाळी वाजवून पाहा. टाळी घुमली, तर गाणेही घुमणार. उघडी फरशी आणि कोऱ्या भिंती आवाज परत फेकतात. खाली सतरंजी अंथरा, भिंतीला जाडजूड गोधडी टांगा. कोपऱ्यात धान्याच्या पोत्यांची थप्पी असेल तर असू द्या, तीही आवाज शोषून घेते.

विजेला मात्र जपा. मोटारी चालू झाल्या की व्होल्टेज पडते, आणि गेलेले लाइट परत येताना कधी कधी एकदम दाब वाढतो. लाइट गेले की बटण बंद करून पिन काढा, दहा मिनिटांनी पुन्हा लावा. व्होल्टेज फार खालीवर होत असेल तर स्टॅबिलायझर घ्या. ढग गडगडू लागले की पिन काढलेलीच बरी.

शेवटी एक काम सांगतो. कॅसेट 1963 साली निघाली आणि पुढे गावोगाव पोचली. तुमच्याही ट्रंकेत आजोबांच्या आवाजातले भजन, आजीची जात्यावरची ओवी भरून ठेवलेली एखादी कॅसेट पडली असेल. दमट हवेत तिच्या फितीला बुरशी धरते. तशी दिसली तर ती घाईने वाजवू नका, जाणकाराला दाखवा. फीत चांगली असेल, तर ती आजच मोबाइलमध्ये किंवा संगणकावर उतरवून घ्या. मग नव्या स्पीकरवर पहिल्यांदा तीच लावा. माणूस जाऊन वीस वर्षे झाली असतील, पण मधेच घेतलेला श्वाससुद्धा ऐकू येईल. घरातली म्हातारी म्हणाली, "अगदी त्यांचाच गं आवाज," की समजा, तुमचे पैसे सत्कारणी लागले.