बांधकाम परवान्याचे पैसे : कशाचे भरता आणि जातात कुठे?

गाळ्यात माळा घालायचा, कारखान्याची भिंत सरकवायची किंवा कौले काढून पत्रा टाकायचा विचार निघाला की आपला व्यापारी-कारागीर पहिला सवाल करतो, "खर्च किती?" हे पैसे कशाकशाचे, हा दुसरा सवाल मात्र राहून जातो. मग मध्यस्थ सांगेल ती ठोक रक्कम दिली जाते आणि पावती येते थोड्याच पैशांची. म्हणून मुंबई महानगरपालिकेच्या परवान्याचा हिशेब येथे मांडत आहे.

आधी परवानगी कधी लागते ते पाहू. पालिकेच्या १८८८ च्या कायद्यातील कलम ३४२ प्रमाणे किरकोळ दुरुस्तीला परवानगी लागत नाही. गिलावा, रंग, फरशी बदलणे, नळ, मोरी व विजेची फिटिंग दुरुस्त करणे, छप्पर त्याच मालाने बदलणे ही कामे त्यात येतात. पण जागेची लांबी-रुंदी-उंची बदलणे, भार घेणारी भिंत काढणे, जमीन खाली घेणे, पोटमाळा घालणे वा वाढवणे आणि छप्पर दुसऱ्या मालाचे करणे ही कामे त्यात येत नाहीत. चिंचपोकळी-लालबागच्या जुन्या चाळींतील गाळ्यात कापडाचे तागे ठेवायला जागा पुरत नाही, म्हणून पहिला हात माळ्यालाच लागतो. आणि नेमके तेच काम परवानगीचे आहे.

आता पैशांकडे वळू. मोठ्या बांधकामात ते मुख्यतः चार प्रकारचे असतात. लहान कामात सगळे लागतीलच असे नाही.

१) छाननी शुल्क. नकाशे व कागद तपासण्याचे हे पैसे, म्हणजे कचेरीच्या कामाची मजुरी.

२) विकास शुल्क. प्रादेशिक व नगररचना अधिनियमात हे १९९२ साली आले. २०१० पासून ते रेडी रेकनरच्या दराशी बांधलेले आहे. निवासी दराच्या दीडपट औद्योगिक बांधकामाला आणि दुप्पट व्यापारी बांधकामाला पडते. हा पैसा वेगळ्या विकास निधीत जाऊन नागरी सोयींवर खर्च व्हावा असे कायदा सांगतो.

३) अनामत. अटी पाळून काम पुरे झाले की ही परत मागता येते. पावती हरवली तर मात्र मागणे अवघड होते.

४) अधिमूल्य, म्हणजे प्रीमियम. ही जादा चटईक्षेत्राची किंमत. २०१२ साली फंजिबल चटईक्षेत्र आले तेव्हापासून यात मोठी रक्कम येऊ लागली.

या चारांपैकी कचेरीच्या कामाचे पैसे फक्त पहिले. तेही त्या टेबलाकडे राहत नाहीत, पालिकेच्या सर्वसाधारण निधीत जातात. अभियंते किती नेमायचे हे अर्थसंकल्प आणि भरती यांवर ठरते. २०२४ साली पालिकेने कनिष्ठ व दुय्यम अभियंत्यांच्या ६९० जागांची जाहिरात काढली. जागा सगळ्या पालिकेच्या होत्या, पण माणसांची तूट किती, याचा त्यातून अंदाज येतो.

१ जुलै २०१७ ला जकात बंद झाली आणि पालिकेच्या उत्पन्नात बांधकामाच्या पैशाचे महत्त्व वाढले. घाऊक गिऱ्हाईक आले की किरकोळ गिऱ्हाईक थांबते, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. टॉवरची फाईल कोट्यवधी रुपये आणते, माळ्याची फाईल फक्त काम आणते. जानेवारी २०२१ मध्ये राज्य सरकारने त्या वर्षअखेरपर्यंत प्रीमियममध्ये निम्मी सूट दिली. ती मोठ्या बांधकामांच्या कामाची होती. लहान अर्जदाराला सुटीपेक्षा वेळेवर उत्तर हवे असते, आणि त्यासाठी कचेरीत माणसे लागतात.

ही अडचण केवळ आपल्याकडचीच नाही. इंग्लंडमध्ये घर वाढवण्याच्या अर्जाचे शुल्क एप्रिल २०२५ मध्ये २५८ पौंडांवरून ५२८ पौंड झाले. जमा शुल्कातून कामाचा खर्च निघत नाही, असे कारण तिथल्या सरकारने उघड सांगितले.

तेव्हा बंधूंनो, काही गोष्टी पक्क्या ध्यानात ठेवा. प्रत्येक रकमेची वेगळी पावती स्वतःच्या नावे घ्या. फाईलचा क्रमांक स्वतःजवळ ठेवा. भाडेकरू असाल तर घरमालकाची लेखी संमती आधी घ्या. त्याशिवाय पक्के बांधकाम केल्यास १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याखाली जागा जाऊ शकते. नगररचना कायद्याच्या कलम ४५ नुसार ६० दिवसांत उत्तर न आल्यास परवानगी मिळाली असे मानले जाते, पण काम नियमांत बसत असेल तरच. या कलमाच्या भरवशावर वास्तुविशारदाला न विचारता हातोडा उचलू नका.

आणखी एक काम आपल्या व्यापारी संघटनांचे आहे. पालिकेचा अर्थसंकल्प दर फेब्रुवारीत मांडला जातो. त्याआधी माहिती अधिकारात दोन आकडे मागावेत : छाननी शुल्क किती जमा झाले आणि इमारत प्रस्ताव खात्यात किती जागा रिकाम्या आहेत. मग ते आकडे पुढे ठेवून लहान अर्जांसाठी वेगळे टेबल मागावे.