मोटारीच्या अंतर्गत सजावटीत एअरबॅगचे भान हवे

डॅशबोर्डवरील किंवा दरवाजांवरील शोभेची पट्टी ओरखड्यांनी विद्रूप झाली, की ती बदलण्याऐवजी तिच्यावर व्हिनाइलची फिल्म चढविण्याचा पर्याय मोटारमालक निवडतात. लाकूड, कार्बन फायबर वा धातूचा आभास देणारी ही फिल्म पीव्हीसीपासून तयार होते आणि नको झाल्यास काढताही येते. मात्र हा विषय केवळ शोभेचा नाही. त्यात प्रवाशांच्या सुरक्षिततेचा प्रश्नही गुंतलेला आहे.

या फिल्मचे मुख्यतः दोन प्रकार आहेत. द्रवरूप पीव्हीसीचा पातळ थर पसरून केलेली ‘कास्ट’ फिल्म साधारण ५० मायक्रॉन जाडीची असते व वळणांवर नीट बसते. रुळांमधून दाबून केलेली ‘कॅलेंडर्ड’ फिल्म स्वस्त असते. परंतु दाबताना तिच्यात ताण उरतो आणि उष्णतेने ती आक्रसू लागते. अहिल्यानगर जिल्ह्यात उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या घरात जातो. अशा उन्हात उभ्या असलेल्या बंद मोटारीचा डॅशबोर्ड ७० अंश सेल्सिअसच्या आसपास तापू शकतो. त्यामुळे येथे कास्ट फिल्म घेणेच श्रेयस्कर ठरते.

फिल्म चिकटविण्यापूर्वी पट्टी सुटी करून घेतल्यास काम सफाईदार होते. डॅशबोर्डच्या पॉलिशमधील सिलिकॉनचा तवंग साबणाच्या पाण्याने व नंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून काढावा लागतो. त्यानंतर मध्यापासून कडांकडे स्क्वीजी फिरवीत हवा बाहेर काढली जाते. वळणावर हीट गनची बेताची ऊब द्यावी. मात्र फिल्म फार ओढू नये. कडा मागे दुमडून शेवटी त्यांना सुमारे ९० अंशांची उष्णता दिली, की उरलेला ताण निघून जातो. खरखरीत प्लास्टिकवर फिल्मची पकड टिकत नाही.

खरा धोका एअरबॅगच्या झाकणाचा आहे. देशात १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींत चालकासाठी, तर २०२१ मध्ये पुढील सहप्रवाशासाठीही एअरबॅग सक्तीची करण्यात आली. अपघातसमयी हे झाकण ठरावीक रेषेवर काही सहस्रांश सेकंदांत उघडावे लागते. त्यावर ताणून बसविलेली फिल्म उघडण्यात अडथळा आणू शकते. म्हणून स्टिअरिंगचा मध्यभाग, सहप्रवाशासमोरील झाकण आणि ‘एअरबॅग’ असे लिहिलेला कोणताही भाग मोकळाच ठेवावा. डॅशबोर्डच्या वरच्या पृष्ठभागावरही चकचकीत फिल्म नको; तिचे प्रतिबिंब पुढील काचेवर पडून चालकाची दृष्टी दिपते.

वाहनांची चाचणी घेणारी ‘डीआरडीओ’ची ‘व्हीआरडीई’ ही संस्था याच नगरमध्ये आहे. अंतर्भागातील साहित्याच्या ज्वलनशीलतेसाठीही ‘आयएस १५०६१’ हे भारतीय मानक आहे. कारखान्यातून मोटार बाहेर पडते, ती अशा कसोट्या पार करून. नंतर चढविलेल्या फिल्मची मात्र अशी परीक्षा कोणी घेत नाही. ती जबाबदारी मोटारमालकाचीच राहते.