शीत देशांतील मोटारीचीं चाकें

बैलगाडीच्या चाकावर लोहार धांव कशी चढवितो हें ज्यांनीं पाहिलें असेल, त्यांस एक गोष्ट ठाऊक आहे. धांव तापवून लाल करावयाची, ती फुगली म्हणजे चाकावर बसवावयाची आणि वर पाणी ओतावयाचें. थंड होतांच ती आकसते व चाकास आवळून धरते. थंडी लोखंडास आवळते. रबरावर मात्र तिचा परिणाम निराळाच होतो, आणि ज्या देशांत कित्येक महिने जमीन हिमाखालीं असते तेथें त्या परिणामावर माणसांचे प्राण अवलंबून असतात.

हा विषय घेण्याचें कारण असें, कीं आमच्या पुष्कळ विद्यार्थ्यांचीं वडील भावंडें आज कॅनडांत शिक्षणासाठीं वा नोकरीसाठीं राहतात. पहिली जुनी मोटार घेतली कीं त्यांचा निरोप येतो : हिंवाळ्यासाठीं टायरांचा दुसरा संच हवा आहे. इकडे वडील मंडळींच्या मनांत येतें, ‘मोटारीस चार चांगले टायर असतांना आणखी चार कशास? निदान दोनांवर भागवावें.’ ही काटकसर रास्त वाटते. पण ती कोठें करावी व कोठें करूं नये, हें समजून घेतलें पाहिजे.

थंडीच्या दिवसांत पहाटे खोबरेलाची बाटली थिजलेली आपण पाहतों. रबराचेंही कांहींसें तसेंच होतें; फरक इतकाच कीं तें एकदम थिजत नाहीं, हळूहळू कडक होत जातें. उन्हाळी टायराचें रबर सुमारें ७ अंश सेल्सिअसच्या खालीं आपला लवचिकपणा गमावूं लागतें; आणि मॉन्ट्रियलसारख्या शहरीं जानेवारींत पारा उणे २० अंशांपर्यंत उतरणें नवलाचें नाहीं. मोटारीचा प्रत्येक टायर एका वेळीं जमिनीस टेकतो तो अवघा तळहाताएवढा. रस्ता कितीही गुळगुळीत दिसला तरी त्यावर असंख्य बारीक उंचवटे असतात. मऊ रबर त्यांत शिरून बसतें, म्हणूनच मोटार वळते व थांबते. कडक झालेलें रबर वरच्यावर घसरूं लागतें. ‘हिम पडेल तेव्हां पाहूं’ असें म्हणणारे येथेंच फसतात, कारण हिमाच्या आधीं थंडी येते.

हिंवाळी टायराचें रबरच अशा रीतीनें बनविलेलें असतें कीं कडाक्याच्या थंडींतही तें मऊ राहावें. शिवाय त्याच्या ठोकळ्यांवर सुरीनें कापल्यासारख्या बारीक चिरा असतात. गाडी चालतांना त्या उघडतात व मिटतात आणि त्यांच्या शेंकडों कडा हिमांत रुततात. टायराच्या खांचांत हिम भरून बसलें तर तें वाईट, असें आपणांस वाटेल. परंतु हिमास हिम चांगलें चिकटतें, हें चेंडू करून खेळणारीं तेथील मुलेंही जाणतात. खरा शत्रु कांचेसारखा गुळगुळीत बर्फ. त्यावर पाण्याचा पातळ थर असला म्हणजे कोणताच टायर निर्धास्त नसतो, आणि शून्य अंशाजवळचा बर्फ उणे २० अंशांच्या बर्फाहून अधिक निसरडा असतो.

आज नोकियन या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या फिनलंडमधील कारखान्यानें १९३४ सालीं मालमोटारींसाठीं असा टायर काढला व १९३६ सालीं प्रवासी मोटारींसाठीं. पुढें टायरांत धातूचे खिळे बसविण्याची रीत पसरली. बर्फावर ते उपयोगी पडतात खरे, पण उघडा रस्ता कुरतडतात. जपानांत त्या धुळीनें लोक इतके त्रासले कीं १९९० सालीं त्याविरुद्ध कायदा करावा लागला.

टायर घेतांना त्याच्या कुशीवर तीन शिखरांचा डोंगर व त्यांत हिमकण, असें चिन्ह शोधावें. हिमावरील परीक्षेंत उतरल्यावांचून तें मिळत नाहीं. केवळ ‘एम’ व ‘एस’ हीं अक्षरें असलीं तर तीं कारखानदारानें आपल्या शब्दावर घातलेलीं असतात. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतांत २००८ पासून हिंवाळी टायरांची सक्ती आहे.

आतां दोन कीं चार? बहुतेक लहान मोटारींत एंजिन पुढचीं चाकें फिरवितें, म्हणून पुढें दोन हिंवाळी टायर घातले कीं गाडी झोकांत निघते. मालक खूष होतो. पण वळणावर पुढचीं चाकें जमीन धरतात, मागचीं सुटतात, आणि गाडी भोंवऱ्यासारखी गिरकी घेते. अशा गाडीपेक्षां चारही टायर वाईट असलेली गाडी एका परी बरी, असें आम्हांस वाटतें. ती निदान आरंभापासूनच सावध करते. चारही चाकें एंजिनानें फिरणाऱ्या मोटारीचा दिमाखही असाच फसवा. चारांचें बळ गाडी निघतांना कामीं येतें, ती थांबवितांना नव्हे.

तेव्हां काटकसर करावयाची ती चाकांत करावी. दुसऱ्या संचास चकाकणारीं मिश्रधातूचीं चाकें नकोत. रस्त्यावर टाकलेलें मीठ त्यांचा लेप खातें. साधीं पोलादी चाकें स्वस्त. तींही गंजतात, पण त्याचें दुःख कमी. ब्रेक आंत मावत असेल तर चाक एक इंच लहान घ्यावें. गणिताची आवड असलेल्यांनीं पडताळा पाहावा : ‘२२५/४५ आर १७’ याचा अर्थ रुंदी २२५ मिलिमीटर, कुशीची उंची रुंदीच्या शेंकडा ४५ आणि चाक १७ इंची. याचा एकंदर व्यास ६३४.३ मिलिमीटर भरतो. ‘२०५/५५ आर १६’ याचा ६३१.९. फरक अडीच मिलिमीटरांहूनही कमी, म्हणून वेगाचा कांटा फारसा चुकत नाहीं. शिवाय अरुंद टायर चिखलमिश्रित हिम कापीत जमिनीपर्यंत पोंचतो, व उंच कूस खड्ड्यांचे धक्के सोसते. मात्र बोल्टांचें वर्तुळ तंतोतंत जुळलें पाहिजे. ११२ व ११४.३ मिलिमीटरांचीं वर्तुळें डोळ्यांस सारखींच दिसतात; एकावर दुसऱ्याचें चाक ओढूनताणून बसविणें म्हणजे तें वाटेंत सुटण्याची तयारी करणें होय.

जुने टायर मिळत असल्यास कुशीवरील चार आंकडे वाचावे. ‘३५२४’ म्हणजे २०२४ सालचा ३५ वा आठवडा. खांचांची खोली ४ मिलिमीटरांहून कमी झालेला टायर हिमांत घेऊं नये, मग कायदा १.६ मिलिमीटरांपर्यंत मोकळीक देवो. हवेचा दाब पाऊण-एक महिन्यानें तपासावा. दर ५-६ अंश थंडीमागें तो सुमारें एक पौंडानें उतरतो. नट समोरासमोरचे आळीपाळीनें आवळावे व शंभरएक किलोमीटर गेल्यावर पुन्हां पाहावे.

वसंत येतांच हे टायर काढावे, कारण उष्ण रस्त्यावर मऊ रबर भराभर झिजतें. ते थंड व अंधाऱ्या जागीं ठेवावे, आणि ठेवण्यापूर्वीं प्रत्येकावर खडूनें ‘पुढचें डावें’, ‘मागचें उजवें’ असें लिहावें, म्हणजे पुढल्या वर्षीं त्यांची अदलाबदल करतांना कोणतें कोठें होतें याचा घोळ होत नाहीं.