थरथरणारे इंजिन : दोष कोठे, दुरुस्ती कोठे?

अमरावती - पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात भूगर्भातील पाणी खारट असल्याने दर्यापूर, भातकुली, अकोट, मूर्तिजापूर या भागांतील शेतकऱ्यांची भिस्त नदी-नाल्यांच्या आणि शेततळ्यांच्या पाण्यावर असते. राज्यात २०१६ मध्ये 'मागेल त्याला शेततळे' ही योजना सुरू झाली आणि पावसाचे पाणी साठविण्याची सोय अनेकांना झाली. मात्र तळ्यापर्यंत वीज पोहोचलेली असतेच असे नाही. सौर पंपांची संख्या वाढत असली, तरी हरभऱ्याला फुलोऱ्यात किंवा घाटे भरताना एखादे संरक्षित ओलित देण्यासाठी डिझेल इंजिन आजही कामास येते. नेमक्या त्याच वेळी इंजिन थरथरू लागले, तर दुरुस्तीत गेलेला आठवडा पिकाला महागात पडतो.

थरथर सुरू झाली की पहिला संशय इंजिनावर घेतला जातो आणि ते उघडले जाते. वस्तुतः थरथर हे केवळ लक्षण आहे. दोष इंजिनात, पंपात, दोहोंच्या जोडणीत किंवा इंजिनाखालील बैठकीत असू शकतो. त्यामुळे पाना हाती घेण्यापूर्वी दोष कोणत्या भागात आहे, हे ठरविणे आवश्यक ठरते.

थोडी थरथर स्वाभाविक

एका सिलिंडरचे चार स्ट्रोकचे इंजिन मिनिटाला १५०० फेरे घेत असेल, तर त्यात मिनिटाला ७५० वेळा, म्हणजे सेकंदाला साडेबारा वेळा डिझेल पेट घेते. प्रत्येक वेळी बसणारा धक्का जड फ्लायव्हील सामावून घेते, तरीही काही कंप उरतोच. त्यामुळे 'इंजिन हलते का?' या प्रश्नापेक्षा 'कालपेक्षा आज अधिक हलते का?' हा प्रश्न महत्त्वाचा आहे.

पहिली चाचणी : पंप वेगळा करा

इंजिन बंद करून कपलिंग सोडवावे किंवा पट्टा उतरवावा आणि इंजिन एकटेच चालवून पाहावे. थरथर कायम राहिली, तर दोष इंजिनात किंवा बैठकीत आहे. थांबली, तर पंपात किंवा जोडणीत. मात्र इंजिन थंड ठेवणारे पाणी पंपाकडूनच येत असेल, तर ही चाचणी एक-दोन मिनिटांतच आटोपावी. अन्यथा एक दोष शोधताना इंजिन तापून दुसरा उद्‌भवेल.

बैठक आणि काळी माती

वऱ्हाडातील काळी माती ओली झाली की फुगते आणि वाळली की भेगाळते. अशा जमिनीवर ठेवलेल्या इंजिनाचा एखादा पाय महिनाभरातच अधांतरी होऊ शकतो. इंजिन बंद असताना बैठकीचे बोल्ट एकेक करून सैल करावेत. बोल्ट सैल होताच पाय वर उचलला गेला, तर तेथे फट आहे असे समजावे. ती पत्र्याच्या पट्टीने भरून बोल्ट पुन्हा आवळावा. नुसता बोल्ट आवळल्याने फट दबते खरी. पण सांगाडा वाकतो आणि जोडणी बिघडते.

जोडणीची परीक्षा

कपलिंगखाली काळी रबराची भुकटी दिसत असेल, तर इंजिन व पंप यांचे शाफ्ट एका रेषेत नाहीत, असा दाट संशय घ्यावा. कपलिंगच्या दोन्ही चकत्यांवर सरळ पट्टी वर, खाली आणि दोन्ही बाजूंना टेकवून पाहावी. पट्टी कोठे अधांतरी राहिली किंवा दोन चकत्यांमधील फट चारही ठिकाणी सारखी नसली, तर रेषा चुकली आहे. अशा वेळी केवळ नवे रबर बुश घातल्यास तेही लवकरच झिजतात.

समुद्रातील शिडाच्या नौकांनाही हेच सूत्र लागू पडते. नौका पाण्यात उतरली की तिचा सांगाडा किंचित आकार बदलतो. म्हणून इंजिन आणि पंखा यांची रेषा नौका पाण्यात असतानाच तपासतात. पाया हलता असला की रेषा वारंवार पाहावी लागते, मग तो पाया पाण्यातला असो की काळ्या मातीतला.

पंपातील खडखडाट

पंपातून खडे फिरत असल्यासारखा आवाज येत असेल, तर सक्शनकडे लक्ष द्यावे. हवेच्या दाबाने पाणी तत्त्वतः सुमारे १० मीटर चढते. प्रत्यक्षात सहा-सात मीटरच्या पुढे पंपाची ओढाताण होते. उन्हाळ्याकडे पातळी खाली जाते, फूट व्हॉल्व्हच्या जाळीत शेवाळ व गाळ अडकतो आणि पंपात बुडबुडे तयार होऊन फुटू लागतात. डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह किंचित बंद केल्यावर आवाज कमी झाला, तर जाळी साफ करावी किंवा पंप पाण्याच्या जवळ आणावा.

दोष इंजिनातच असेल तर

इंजिन एकटे चालतानाही ठोके चुकत असतील, तर प्रथम डिझेल फिल्टर आणि नळीत धरलेली हवा तपासावी. चालू इंजिनाचा पांढरा धूर बहुधा न जळलेल्या डिझेलचा, तर काळा धूर इंजेक्टरचा, एअर फिल्टरचा किंवा अतिभाराचा इशारा असतो. फ्लायव्हीलची चावी सैल झाल्याचा संशय आल्यास इंजिन तत्काळ बंद करून मिस्त्रीला बोलवावे. तेथे घरगुती प्रयोग जिवावर बेतू शकतात. धोतर, उपरणे किंवा साडीचा पदर फिरत्या भागांपासून दूर ठेवणे, हेही तितकेच आवश्यक आहे.

बैठक, जोडणी आणि जाळी या तिन्हींच्या तपासणीला पट्टी आणि पाना एवढेच साहित्य लागते. तिन्ही निर्दोष आढळल्या, तरच इंजिन उघडण्याची वेळ येते.